गॅस चेक: विकतचे घ्यावेत, घरी करावेत, की लागतच नाहीत?

अमेरिकेत राहून घरी बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायला लागलं की पहिल्या वर्षातच हा प्रश्न पडतो. गॅस चेक म्हणजे गोळीच्या बुडाला बसवायची धातूची छोटीशी वाटी. बार उडाल्यावर मागचा तप्त वायू बुडाच्या कडेवरून पुढे घुसतो, मऊ शिसं कातरतो आणि ते नळीला आतून लिंपून ठेवतो. वाटी बसवली की कड सुरक्षित राहते. एकदा नळीतलं शिसं खरवडून काढलं, की ही वाटी किती कामाची आहे ते कळतं.

आधी वेग पाहा. पिस्तुलाच्या आणि हलक्या बाराच्या गोळ्यांना चेकची गरज सहसा पडत नाही. साधारण ठोकताळा असा, की सेकंदाला १,४०० ते १,६०० फुटांच्या पुढे गेलात की चेक उपयोगी ठरू लागतो, आणि २,००० च्या वर त्याशिवाय नेम टिकवणं अवघड जातं. शिवाय साचाच चेकवाला हवा, म्हणजे गोळीच्या मागे अरुंद टाच हवी. सपाट बुडाच्या गोळीवर नेहमीचा चेक बसत नाही.

विकतचे चेक तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. पत्रा साधारण ०.०१८ इंच जाडीचा, आणि चांगल्या चेकची काठ आतून थोडी जाड. सायझिंग डायमधून, म्हणजे गोळी नेमक्या मापाची करणाऱ्या साच्यातून, गोळी ढकलली की ती काठ शिशात रुतते. हजार चेक घेतले तरी एक न् एक सारखा. अडचण दोनच: किंमत, आणि टंचाईच्या काळात दुकानातून गायब होणं. २०२०-२१ मध्ये दारूगोळ्याबरोबर हेही दिसेनासे झाले होते.

घरी करायला डायचा संच, प्रेस आणि पत्रा लागतो. छपराच्या कामाला वापरतात तो ॲल्युमिनियमचा पत्रा बहुतेकजण घेतात. .३० कॅलिबरसाठी (कॅलिबर म्हणजे नळीचं माप, इथे इंचात) साधारण ११ मिलिमीटरची टिकली कापावी लागते, तिची मग वाटी होते. दहा इंच रुंद आणि दहा फूट लांब गुंडाळीतून, टिकल्या बारा-बारा मिलिमीटरवर कापल्या, तर हिशेबाने पाच हजारांवर निघतात. पत्र्याचा खर्च जवळजवळ नगण्य. पैसा जातो तो डायमध्ये. डायच्या किमतीला विकतच्या एका चेकच्या किमतीने भागा. येणारा आकडा तुम्ही किती वर्षांत उडवता?

खरी मेख जाडीत आहे. शीतपेयाच्या डब्याची भिंत ०.००४ इंचांच्या आसपास असते. एवढ्या पातळ पत्र्याची वाटी टाचेवर सैल बसते. उलट पत्रा कडक असेल तर वाटी दाबल्यावर पुन्हा उघडते. तेव्हा तो तापवून नरम करावा लागतो, पण तांब्यासारखं ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. लाल व्हायच्या आत वितळून जातं. जुनी युक्ती अशी: पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची आणि ती काळी पडली की आंच काढायची. टाच ०.२८४ इंच असेल, तर वाटी बोटाने दाबून बसायला हवी आणि सायझिंगनंतर नखाने ओढली तरी निघता कामा नये. गोळी बुडावर काचेवर उभी करून बघा. डुगडुगली तर वाटी तिरकी बसली आहे. वाटेत गळून पडणारा किंवा तिरका चेक, चेक नसण्यापेक्षा वाईट. गोळ्या लक्ष्यावर कुठेही पसरतात.

तिसरा पर्याय पावडर कोटिंगचा. गोळ्यांना रंगाची पावडर लावून ओव्हनमध्ये ४०० अंश फॅरेनहाइटला वीसेक मिनिटं भाजायच्या. गोळीला वंगण लावायची कटकट जाते, हातही स्वच्छ राहतात, आणि मध्यम वेगाला बऱ्याचदा चेक लागतच नाही. तो ओव्हन मात्र परत स्वयंपाकाला वापरायचा नाही. शिशाचं काम करताना हवा खेळती ठेवा, हात धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. .३० सारखं सगळीकडे मिळणारं कॅलिबर आणि वर्षाला काहीशे गोळ्या असतील, तर विकतचेच घ्या. बाजारात चेकच मिळत नाहीत असं जुनं, अडनिड्या मापाचं कॅलिबर असेल, किंवा दर शनिवारी रेंजवर जात असाल, तर डाय घ्या. रोजचं काम मध्यम वेगाचं असेल तर आधी पावडर कोटिंग करून पाहा.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. त्यामागे शिशाने मरणाऱ्या कॉन्डोर गिधाडांची मोठी चिंता होती. चेक लावला म्हणून ती गोळी चालत नाही. आणि सुट्टीला भारतात येताना डाय किंवा चेक सामानात घालू नका. इथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात, परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे.