ढोलाचा रेनकोट: घ्या, पण तो घातलाय म्हणून वाजवत बसू नका

गणपती जवळ आले की बाकीच्या ढोल पथकांतली पोरं आम्हाला एकच विचारतात, तुमच्या ढोलांची ती निळी कव्हरं कुठून शिवली आणि टिकली का. दुकानाचं नाव लिहीत नाही, नाशकात भद्रकाली दहीपुलाकडे बॅगा आणि ताडपत्र्या शिवणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांकडे माल साधारण सारखाच असतो, त्यामुळे हा रिव्ह्यू दुकानाचा नाही, वस्तूचा समजा.

वस्तू काय तर जाड रेक्झिनचं कव्हर, आतून पातळ फोम, बाजूला चेन, उचलायला दोन पट्टे, आणि टिपरूच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या, बाजूला गोल पारदर्शक प्लास्टिक. ढोल दुकानात नेला की काका माप घेऊन शिवून देतात, आणि हे बरंय कारण रेडीमेड आणलेलं एकतर ढगळ होतं नाहीतर दोरीच्या गाठींवर अडकतं. शिवण मजबूत आहे, पट्टे अजून एकही तुटला नाही. पण शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं हे आधीच सांगतो, आतून टेप मारून द्या म्हणून आग्रह धरा, नाहीतर जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटांत आतला फोम ओला होतो आणि तो ओला फोम पानाला, म्हणजे ढोलाच्या चामड्याला, चिकटून राहतो, म्हणजे उघडा भिजलेला परवडला.

आता ते पारदर्शक प्लास्टिक. काका म्हणतात, "दादा, पाऊस आला तर काढायचंच नाही, वरूनच वाजवा, काय होत नाही." होतं काका. आवाज गादीवर काठी मारल्यासारखा येतो, टिपरू ओल्या प्लास्टिकवरून घसरतं, आणि थापीच्या बाजूला तर रेक्झिनच आहे, तिथे हात मारून काय निघणार. पाच ढोलांचा ठोका एकत्र आला तरी ताशाला तो ऐकू जात नाही, मग ताशेवाला एकीकडे आणि ढोल दुसरीकडे, झांजवाले बिचारे कोणाकडे बघायचं म्हणून मध्येच उभे. थोडक्यात ने-आण करायला आणि सर येऊन जाईपर्यंत ढोल झाकायला कव्हर एक नंबर, वाजवायला शून्य, ते प्लास्टिक लावूच नका सांगा म्हणजे शिवण पण एक कमी होईल.

चामड्याच्या पानाचं दुखणं असं की ते पाण्याच्या थेंबाची वाट बघत नाही, हवेतली ओल सुद्धा ओढून घेतं. म्हणून पाऊस न पडताही दमट दिवशी संध्याकाळी ढोलाचा आवाज उतरलेला असतो, दोरी ताणली की तासाभरात परत सैल. आणि मग कोणीतरी शेकोटी नाहीतर हॅलोजन जवळ नेतो, पान झटक्यात सुकतं, आवळतं आणि कडेपासून फाटतं. सावलीत वाऱ्यावर हळू सुकवा, मग थोडं ऊन दाखवा. आणि कव्हर घालून ढोल रात्रभर टेम्पोत कोंडून ठेवू नका, सकाळी बुरशीचा वास येतो, चेन उघडी ठेवायची. ढोलाचं पिंप लोखंडी असेल तर कडीजवळ गंज पण तिथूनच सुरू होतो.

फायबरचं पान घ्यावं का, हा पुढचा प्रश्न येतोच. पाण्याने ते ढिलं पडत नाही हे खरं, ताशाला तर बहुतेक ठिकाणी आता तेच असतं. अमेरिकेत ते ड्रम कोअर म्हणून प्रकार आहे, फुटबॉलच्या मैदानावर शे-दीडशे पोरं ड्रम आणि पितळी बाजे घेऊन चालत वाजवतात, त्यांच्या ड्रमवर पण चामडं नाही, सिंथेटिकच. पण ढोलाला फायबर लावलं की घुमारा जातो आणि टणटण उरते, माझं तरी मन भरत नाही. आम्ही थोडे ढोल फायबरचे केलेत, फक्त पावसाळी सरावासाठी, बाकी चामडंच.

त्या ड्रम कोअरचं अजून एक सांगतो कारण मला खरं तर हेच लिहायचं होतं. 1972 पासून त्यांची मोठी स्पर्धा होते, पूर्वी सगळी उघड्यावर, 2009 पासून फायनल इंडियानापोलिसच्या छप्पर बंद होणाऱ्या स्टेडियममध्ये. पण उन्हाळाभर बाकीचे बहुतेक शो उघड्यावरच असतात आणि तिथे वीज दिसली की शो थांबतो, वादक आत, प्रेक्षक पण आत. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटं परत कोणी बाहेर यायचं नाही हा तिकडे मैदानावरच्या खेळांचा पण नियम आहे. जमलं नाही तर एखाद्या शाळेच्या बंद क्रीडा हॉलमध्ये जागेवर उभं राहून वाजवतात आणि घरी जातात. आणि आपल्याकडे? वीज कडाडली की पोरं शिट्ट्या मारतात आणि ठोका वाढवतात!

कव्हर आल्यापासून हे वाढलंय, हा माझा खरा आक्षेप. आधी पाऊस आला की ढोल खराब होईल म्हणून तरी सगळे पळायचे. आता ढोल झाकला की काम झालं, वादक मात्र उघड्या मैदानात ध्वज घेऊन उभे. ध्वजाचा पाइप धातूचा आणि मैदानात सगळ्यात उंच तोच, अजून काय पाहिजे.

जुलै-ऑगस्टची रिपरिप आणि सप्टेंबरची सर यात फरक आहे हे पोरांना सांगावं लागतं. रिपरिपीत विजा कमी. सप्टेंबरात दुपारभर ऊन तापतं, ढग उभे वाढतात आणि बरोबर संध्याकाळी, सराव किंवा मिरवणूक रंगात आली की, गडगडाट. 2026 ला अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे, म्हणजे या वेळी हे जास्तच डोक्यात ठेवा. वीज दिसल्यावर आकडे मोजा, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, बंद करा. दामिनी अॅप मोबाईलमध्ये ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमने बनवलंय, फुकट आहे, 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं, आमच्याकडे एका ताईंना मिरवणुकीत फक्त तेच काम दिलंय, त्या ढोल बांधतच नाहीत त्या दिवशी. आणि पळायचं कुठे तर पक्क्या इमारतीत, नाहीतर काचा लावलेल्या बसमध्ये, मंडपात नाही, झाडाखाली नाही, टेम्पोच्या उघड्या हौद्यात पण नाही.

वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीत तर विजेपेक्षा वायरचीच भीती जास्त वाटते. जुन्या नाशकातल्या गल्ल्या अरुंद, वर तारा, बाजूला मंडळाच्या लायटिंगचा जनरेटर, खाली गुलाल आणि फुलांचा चिखल. महावितरण दरवर्षी सांगतं, तारांपासून लांब राहा म्हणून, पण ध्वज नाचवणाऱ्याला वर बघायची फुरसत नसते, त्याच्यामागे एक जण वर बघणारा पाहिजेच. ओल्या गुलालावर कोल्हापुरी म्हणजे घसरगुंडी, कमरेला ढोल असताना माणूस पडला तर हात टेकायला पण मिळत नाही, थेट गुडघा नाहीतर हनुवटी. ग्रिपवाले बूट घाला, फोटोत वाईट दिसतात, दिसू द्या. आणि भिजून मऊ झालेला तळवा लवकर फाटतो, बोटांना बांधलेली चिकटपट्टी पण ओली झाली की सुटते, कोरडी पट्टी आणि नॅपकिन कव्हरच्या खिशात ठेवा. हो, खिसा शिवून मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

शेवटी विसर्जनाला गोदाकाठी रामकुंडाकडे गेलात तर आभाळ बघून निर्धास्त होऊ नका. पंचवटीत कोरडं असतं आणि त्र्यंबककडे धो धो, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी चढते. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी आलं तरी सेल्फी काढणारे असतात, ढोलवाल्यांनी तरी वरच थांबावं.

कव्हरला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार शिवणीतून पाणी येतं म्हणून कापला, एक त्या पारदर्शक प्लास्टिकसाठी आणि "काय होत नाही" साठी. रंग पिवळा किंवा फिकट निळा घ्या, अंधारात टेम्पोत सापडतो. ऑर्डर श्रावणातच द्या, भाद्रपद लागला की काका फोन उचलत नाहीत.