घडीचा लाइटबॉक्स, चिमट्याची मॅक्रो लेन्स आणि मोबाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव ऑनलाइन विक्रीचे फोटो काढण्याच्या स्वस्तातल्या संचाचा आहे. ४० सेंटीमीटरचा घडीचा लाइटबॉक्स (आत वस्तू ठेवून फोटो काढायचा पांढऱ्या भिंतींचा डबा), त्यात यूएसबीवर चालणाऱ्या दोन एलईडी पट्ट्या, मोबाइलला चिमट्याने लागणारी १०एक्स मॅक्रो लेन्स आणि छोटा ट्रायपॉड. वापर मुख्यतः कानातली, मण्यांच्या माळा, बटणं आणि काचेच्या छोट्या बाटल्यांसाठी. तिन्हींत ट्रायपॉड सगळ्यात कामाचा निघाला आणि लेन्स सगळ्यात कमी.

आधी लेन्सबद्दल, कारण बहुतेक जण तीच पहिली विकत घेतात. १०एक्स लेन्सला वस्तू साधारण अडीच सेंटीमीटरवर असेल तरच स्पष्ट दिसते. इतक्या जवळ गेलं की मोबाइल स्वतःच उजेड अडवतो आणि वस्तूवर त्याची सावली पडते. शिवाय जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा भागच फोकसमध्ये राहतो. झुमक्याची कडी स्पष्ट आली तर खालचे मणी धूसर. फ्रेमच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते ती वेगळीच. विणीचा पोत किंवा कोरीवकामाचा एखादा तुकडा दाखवायचा असेल तेव्हा ही लेन्स लावावी, पूर्ण वस्तूसाठी नाही.

पूर्ण वस्तूसाठी उलट करावं. मोबाइल २५-३० सेंटीमीटर मागे न्यावा, २एक्स झूम ठेवावा आणि नंतर फोटो कापावा. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत वस्तूचा पुढचा भाग फुगलेला दिसतो, मागे गेल्यावर आकार खरा येतो. कापल्याने तपशील जाईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० पिक्सेल रुंद असतो. वस्तूने अर्धी रुंदी व्यापली तरी २००० पिक्सेल हातात राहतात, आणि अ‍ॅमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू १००० पिक्सेल पुरते. अनेक मोबाइल जवळ नेल्यावर आपोआप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो असेल तर तो बंद ठेवावा.

ट्रायपॉडमुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ५० ते १०० वर ठेवून शटर हवं तितकं हळू चालवता येतं, त्यामुळे फोटोत दाणे येत नाहीत. बटण दाबताना होणारा हलकासा धक्काही जवळच्या फोटोत दिसतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावायचाच.

लाइटबॉक्सची खरी अडचण त्याच्या पट्ट्यांत आहे. पट्टी छताला उघडी असते, त्यामुळे चकचकीत धातूवर एलईडीच्या ठिपक्यांची रांग जशीच्या तशी उमटते. उपाय ट्रेसिंग पेपरचा. तो पट्टीला चिकटवायचा नाही, ५-६ सेंटीमीटर खाली ताणून बांधायचा. मधल्या अंतरात उजेड पसरतो आणि मग सगळा कागदच दिव्याचं काम करतो. कागद लागल्यावर उजेडाचा रंग किंचित बदलतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) त्यानंतर ग्रे कार्डवर, म्हणजे राखाडी रंगाच्या कार्डावर, ठरवून लॉक करावा. चांदीसारख्या वस्तूला एवढंही पुरत नाही, कारण चहूबाजूंनी पांढरंच दिसल्याने तिच्या कडा पार्श्वभूमीत विरघळतात. फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या दोन-तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या उभ्या केल्या की धातूवर काळी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. काचेच्या बाटलीलाही हेच, फक्त उजेड मागून द्यावा.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो राखाडी येतो, यात दिव्याचा दोष नाही. कॅमेरा समोरच्या पांढऱ्याला मध्यम उजेड समजून एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करतो. वस्तूवर बोट दाबून फोकस-एक्सपोजर लॉक करावं आणि +०.७ ते +१ पर्यंत वाढवावं. पांढऱ्या वस्तूची कड पुसली जाऊ लागली की तिथेच थांबावं.

पट्ट्यांचा डिमर खाली आणला की फोटोत आडवे पट्टे दिसतात, कारण मंद करताना एलईडी प्रत्यक्षात वेगाने उघडझाप करतात. त्या कायम पूर्ण तेजावर ठेवाव्यात, आणि खोलीतला दिवा बंद करावा, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळतात आणि मग कुठलाही व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे जुळत नाही. लाल रंगाला या पट्ट्या न्याय देत नाहीत, मरून तपकिरीकडे झुकतो. रंगामुळे माल परत येत असेल तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ किंवा त्याहून वरचे दोन बल्ब घेणं, नवा बॉक्स घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. ढगाळ दिवसाचा खिडकीचा उजेड आणि समोरून एक पांढरं कार्ड, यातून रंग बॉक्सपेक्षा चांगले येतात. फक्त सकाळचा आणि दुपारचा फोटो शेजारी ठेवले तर एकसारखे दिसत नाहीत.

टिकाऊपणा बेताचा. बॉक्समधल्या पार्श्वभूमीच्या पीव्हीसी (प्लॅस्टिक) शीटवर पहिल्या घडीपासून रेघ पडते आणि ती जात नाही, वर ओरखडेही उमटतात. शीट गुंडाळूनच ठेवावी. तिच्याऐवजी मॅट ड्रॉइंग पेपर मागून पुढे वळवून लावला तर चमक येत नाही आणि मळला की बदलता येतो. यूएसबीची वायर बॉक्सला जिथे जोडलेली असते तिथे ती सैल होऊन दिवा लुकलुकतो. घडी करताना वायर आधी काढावी.

४० सेंटीमीटरच्या बॉक्समध्ये २० सेंटीमीटरपेक्षा उंच वस्तू ठेवू नये. तिचं डोकं पट्टीजवळ जाऊन भगभगीत होतं आणि पाया अंधारात राहतो.