वीतभर केबलने रडवलं: २ टीबीच्या हार्ड डिस्कचे चौदा महिने

२ टीबीची, तळहातावर मावणारी पोर्टेबल हार्ड डिस्क. आत फिरती तबकडी असलेली, चिपवर साठवणारी एसएसडी नव्हे. घेतली ती आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटसाठी. नव्वदेक कॅसेट संगणकावर उतरवल्या, तासाच्या रेकॉर्डिंगला साधारण ६०० एमबी. त्यातल्या वीस-पंचवीस कॅसेटना आता बुरशी लागलीय, त्या काही पुन्हा वाजायच्या नाहीत. एका गवळणीत आजोबा मध्येच पखवाजवाल्यावर खेकसतात, "अरे, जरा दमानं!" तेवढ्यासाठी मी ती फाइल शंभरदा ऐकली असेल.

विंडोजमध्ये जागा १.८१ टीबीच दिसते. फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. मोठ्या फाइली झपाट्याने जातात, पण मोबाइलमधले हजारो फोटो एकदम टाकायला घेतले की मुंगीच्या पावलाने चालते. या किमतीत चालायचंच.

चौथ्या महिन्यात पहिला झटका. दिवा लागतोय, डिस्क फिरतेय, पण 'धिस पीसी'मध्ये पत्ता नाही. विंडोजमधलं डिस्कची यादी दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथे बाईसाहेब ठणठणीत, फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालं नव्हतं. ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर धरून ठेवलं होतं. राइट क्लिक करून दुसरं अक्षर दिलं, दोन मिनिटांत काम झालं. त्यामुळे मी जरा शेफारले.

अकराव्या महिन्यात मात्र पोटात गोळा आला. डिस्क लावली की दिवा लागायचा, हाताला बारीक थरथर जाणवायची, मग 'टुक' असा आवाज आणि सगळं थंड. पुन्हा थरथर, पुन्हा टुक. हा आवाज आतलं हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, गेल्याचा असू शकतो, तसाच पुरेसा करंट न मिळाल्याचाही. तबकडी फिरायला लागते तेव्हाच सगळ्यात जास्त ओढ असते. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. आणि मी शहाणी, डिस्क लावली होती हबला, म्हणजे एका पोर्टची चार पोर्ट करणाऱ्या डबीला. त्याच हबला माउस, पेनड्राइव्ह, वर फोनचं चार्जिंग!

हब काढून थेट लॅपटॉपला लावली. दिसली, पण अक्षराखाली जागेची पट्टी नाही, आणि क्लिक केल्यावर निरोप: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइलींच्या मांडणीच्या, जागी 'रॉ'. फोनवर दीर म्हणाले, "वहिनी, फॉरमॅट मारून टाका, नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने येतं सगळं." भला माणूस, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकलं नाही. 'रॉ' म्हणजे फाइली गेल्या असं नव्हे, फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाहीये एवढंच. फॉरमॅट मारला की त्यावर नवी मांडणी लिहिली जाते. मी 'कॅन्सल' दाबलं आणि डिस्क काढून ठेवली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. वॉरंटीत डिस्क बदलून मिळेल, डेटाची जबाबदारी आमची नाही. म्हणजे नवी कोरी डिस्क मिळणार आणि आजोबा जाणार.

संध्याकाळी शेजारच्या फोटो स्टुडिओतला मुलगा आला. त्याने डिस्ककडे पाहिलंच नाही, आधी केबल उचलली. डिस्कच्या बाजूचं ते चपटं, रुंद, दोन खाचांचं टोक बोटाने हलवलं तर दिवा विझला, सोडलं तर लागला. "ताई, ही गेलीय." त्याने खिशातून स्वतःची केबल काढून लावली आणि नव्वद फोल्डर समोर!

इथे एक गोष्ट त्याने बजावली, ती महत्त्वाची. डिस्क उघडली म्हणून लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्कच्या चुका सुधारणारं साधन, चालवायचं नाही. आधी सगळं दुसरीकडे उतरवायचं, कारण डिस्क खरंच मरणपंथाला असेल तर दुरुस्तीच्या धावपळीतच ती मान टाकते. रात्रभर कॉपी चालली. सकाळी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितलं: खराब म्हणून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे साठवणीचे छोटे कप्पे) शून्य, वाचताना अडकलेले सेक्टर शून्य. मग चेकडिस्क, त्याने दोन-चार चुका सुधारल्या. तेव्हापासून तीन महिने तक्रार नाही.

डिस्कला चार तारे, सोबतच्या केबलला एकही नाही. दोन टीबीची वस्तू विकताना वीतभर, ढिल्या टोकाची केबल देणं म्हणजे पैठणीला सुतळीची गाठ. टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूपर्यंत ती नीट पोचतही नाही, लटकते, आणि लटकूनच टोक सैल होतं. नवी केबल बाजारातून घेतली, जाड आणि जरा लांब. आता 'इजेक्ट' केल्याशिवाय डिस्क उपटत नाही, आणि कॅसेटची दुसरी प्रत दिरांच्या घरी ठेवलीय.

जुनी केबल कात्रीने मधोमध कापून टाकली. नाहीतर घरातलं कोणीतरी ती ड्रॉवरमधून काढून पुन्हा लावणारच.