जुन्या फ्रेममध्ये नव्या काचा बसवायला दिल्या आणि काय झालं

माझी फ्रेम अजून चांगली दहा वर्षं चालेल अशी आहे. टायटॅनियमची, हलकी, नाकावर वळ न उठवणारी. नंबर वाढला म्हणून ती टाकून देण्यात काही अर्थ नव्हता, नुसत्या काचा बदलायच्या होत्या. तेवढ्याच कामात मला व्यवस्थित गंडवलं गेलं. जुनी फ्रेम घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकावर चष्मेवाल्याला फ्रेमचा नफा मिळत नाही, मग काही दुकानदार तो काचेतून वसूल करतात, आणि काचेत काय आहे ते आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

सुरुवातच अशी झाली: "हे मॉडेल बंद झालंय, याला आता काचा येत नाहीत." हे सपशेल खोटं. फ्रेमच्या मॉडेलच्या तयार काचा कुठेच येत नसतात. नंबरची गोल चकती येते आणि ती फ्रेमच्या आकाराप्रमाणे मशीनवर घासून बसवतात. मी हटले नाही, तेव्हा "फ्रेम तुटली तर आमची जबाबदारी नाही" असं लिहून सही घेतली. असं लिहून घेणं दर वेळी चूक नसतं. जुन्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे अ‍ॅसिटेटच्या फ्रेम वाळून पांढुरक्या पडतात आणि काच बसवायला गरम केल्या की तडकू शकतात. रिमलेस, म्हणजे काचेभोवती कड नसलेल्या फ्रेमला काचेतच भोकं पाडावी लागतात, तिथेही धोका असतो. पण माझ्या धातूच्या रिमला बाजूला स्क्रू आहे. तो सैल करायचा, काच खाचेत ठेवायची, परत आवळायचा. गरम करायचा प्रश्नच नव्हता. ती सही मला नवी फ्रेम घ्यायला लावण्यासाठी होती, हे आता स्पष्ट दिसतं.

मग काचेचं बोलणं. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ५, थोडा सिलिंडर, म्हणजे उभ्या-आडव्या दिशेतला नंबराचा फरक. "इतक्या नंबरला १.६७ हाय इंडेक्सच घ्या, कडा जाड दिसणार नाही." इंडेक्स जितका जास्त तितकी त्याच नंबरची काच पातळ होते, म्हणून हे बरोबर होतं आणि मी तेच घेतलं. त्यावर ब्लू कटचे, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचे वेगळे पैसे, यूव्हीचे वेगळे. १.६७ चं मटेरियल अतिनील किरण मुळातच अडवतं, पॉलिकार्बोनेटसुद्धा, तेव्हा त्यासाठी निराळे पैसे कसले? आणि ब्लू कटने स्क्रीनसमोर डोळे कमी थकतात का, यावर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला; निदान थोड्या काळापुरता तरी साध्या काचेच्या तुलनेत बहुधा काही फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वस्तात काम करायचं असेल तर हा खर्च बिनधास्त वगळा. ज्यांचा नंबर दोनच्या आत आहे त्यांना १.६७ चीही सहसा गरज पडत नाही, साध्या १.५० च्या काचेतून दिसतंही स्वच्छ.

बिलावर लिहिलं होतं: "लेन्स जोडी" आणि खाली रक्कम. इंडेक्स नाही, कंपनी नाही, कोटिंग नाही.

चष्मा घातला आणि पहिल्या संध्याकाळीच भुवयांच्या मध्ये ठणकायला लागलं. दूरचं बघताना डोळे बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे वाटायचे. दुकानात सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "नवीन नंबर आहे, सवय होईल." नव्या नंबरची सवय व्हायला थोडे दिवस लागतात हे खरंच आहे, म्हणून तर ही थाप पचते. दिवस गेले, ठणका गेला नाही.

शेवटी दुसऱ्या ऑप्टिशियनकडे नुसती तपासणी करून घेतली. त्यांनी लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर एकेक काच ठेवली, काचेच्या केंद्रावर, म्हणजे जिथून प्रकाश न वळता सरळ जातो तिथे, शाईचा ठिपका उमटवला आणि दोन ठिपक्यांमध्ये पट्टी धरली. ६८ मिलिमीटर. मग माझी पीडी मोजली, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. ६२. पहिल्या दुकानात ती कोणी मोजलीच नव्हती. हे ६८ आलं कुठून, तेही त्यांनी दाखवलं: दांडीच्या आतल्या बाजूला ५० आणि १८ कोरलेलं आहे. ५० ही एका काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची. बेरीज ६८. म्हणजे केंद्र माझ्या बाहुलीसमोर न आणता काच सरळ फ्रेमच्या मध्यावर धरून कापली होती. ६८ आणि ६२ मधला फरक सेंटिमीटरमध्ये घ्यायचा आणि नंबरने गुणायचा: ०.६ गुणिले ५, दोन्ही डोळे मिळून ३ प्रिझम. काच नजर किती बाजूला वळवते, ते प्रिझममध्ये मोजतात. नंबर अगदी बरोबर असूनही डोळे दिवसभर बाहेर ताणले जात होते, ते यामुळे. नंबर जितका मोठा तितकी ही चूक जास्त छळते.

नंतर त्यांनी काचेची कड कॅलिपरने मोजली. ५ मिलिमीटरच्या थोडी वर. या नंबरला, या आकाराच्या फ्रेममध्ये १.६७ ची कड साडेतीनच्या आसपास यायला हवी होती. मला साधी १.५० ची काच बसवून १.६७ चे पैसे घेतले होते. याचा मला ठणक्यापेक्षा जास्त संताप आला, कारण पहिली गोष्ट निष्काळजीपणाने होऊ शकते, दुसरी नाही.

उणे किंवा अधिक नंबरच्या साध्या काचेचं केंद्र घरीही ढोबळ कळतं. चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची उभी चौकट बघा. काचेतून दिसणारी रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटलेली दिसेल. चष्मा हळूहळू आडवा सरकवा; जिथे रेघ अखंड जुळते तिथे केंद्र. स्केच पेनने खूण करा, दुसऱ्या काचेवरही करा, आणि अंतर मोजून पीडीशी ताडून बघा. सिलिंडर जास्त असेल तर रेघ तिरकी दिसते, तिथे लेन्सोमीटरच हवा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचेला ही युक्ती लावू नका. तिच्यावर एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरीव खुणा असतात, त्यांवरून बसवणी तपासतात, आणि पीडीबरोबर बाहुलीची उंचीही तुमच्याच फ्रेमवर, ती तुमच्या चेहऱ्यावर असताना मोजावी लागते.

लेन्सोमीटरचं वाचन लेखी घेऊन मी पहिल्या दुकानात गेले. पीडीचा कागद समोर ठेवल्यावर मालकाचा सूर बदलला आणि काचा नव्याने बनवून द्यायला तो तयार झाला. इंडेक्सबद्दल मात्र हात वर केले. "आम्ही १.६७ म्हटलंच नव्हतं, बिलात कुठे आहे?" काचेचं पाकीट मागितलं तर "फेकलं". त्या पाकिटावर नंबर, इंडेक्स, व्यास सगळं छापलेलं असतं. फरकाचे पैसे मला मिळाले नाहीत, आणि त्याच माणसाकडून परत काचा कापून घेण्याचा भरवसा उरला नाही.

दुसऱ्या ऑप्टिशियनकडे काचा करून घेतल्या तेव्हा ऑर्डरच्या कागदावरच इंडेक्स, कोटिंग आणि पीडी लिहून घेतली, फ्रेमचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवले, पाकिटं आधीच मागून ठेवली. त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. चष्मा घेताना माझ्यासमोर लेन्सोमीटरवर ठेवून ठिपके ६२ वर दाखवले, आणि मगच उरलेले पैसे घेतले.