घोटा मुरगळल्यावर २ महिने जिथं गेलो त्या फिजिओ सेंटरबद्दल

श्रावणात सोयाबीनवर फवारणी सुरू होती, पाठीवर १६ लिटरचा भरलेला पंप, धुऱ्यावरून खाली उतरताना चिखलात उजवा पाय असा आत वळला का खटकन आवाज आला अन् मी पंपासकट आडवा. घंटाभरात घोटा वांग्याएवढा सुजला. गावात पाय ओढून बसवून देणारे एक काकाजी आहेत, त्यांनी गरम तेलानं चोळून एक झटका दिला. त्यांनी मनापासूनच केलं, राग अजिबात नाही, पण रात्रभर तळमळलो अन् सकाळी सूज दुप्पट. मग एक्सरे काढला, हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणे लिगामेंटला मार आहे, एक्सरेत ते दिसत नाही, फिजिओ करा.

सेंटर तालुक्याला बसस्टँडमागे आहे, मेडिकलच्या वरच्या माळ्यावर, दोन खोल्या अन् एकच मॅडम. पहिल्या दिवशी मशीन वगैरे काही नाही. मॅडमनं मला विचारलं, काकाजी घरी बंडी आहे का? मी म्हटलं आहे, बैलजोडी पण आहे. मग त्यांनी प्लास्टिकचा हाडांचा पाय हातात घेऊन बंडीवरूनच सगळं समजावलं, अन् खरं सांगतो, ४७ वर्षं या पायांवर चाललो पण आत काय चालते ते त्या दिवशी कळलं.

बैल म्हणजे स्नायू, जोर तोच लावतो. पण बैलाचा जोर बंडीपर्यंत नेतो तो नाडा, तसं टेंडन स्नायूचा जोर हाडापर्यंत नेते. बोकडाचं मटण साफ करताना लाल मांसाच्या टोकाला पांढरं चिवट लागते ना, तेच ते. टाचेच्या वर मागून हात लावा, जाड दोरी लागते, पोटरीचे दोन मोठे स्नायू त्या एकाच टेंडननं टाचेच्या हाडाला जोडले आहेत, आपण चवड्यावर उभे राहतो ते तिच्या जोरावर. अन् लिगामेंट ही तिसरीच गोष्ट, बंडीची लाकडं एकमेकांना आवळून धरणारा बांध, हाडाला हाड बांधलेलं. ते स्वतः ओढत नाही, सांधा नको तिकडे जाऊ लागला का अडवते.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक हालचालीला जोडी लागते. पोटरी टाच वर ओढते तेव्हा नडगीवरचा स्नायू ढिला सुटते, पाऊल वर घेताना उलटं. कासऱ्यासारखंच, डावा ओढला का उजवा सोडावा लागते.

माझ्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अशी ३ लिगामेंट आहेत अन् पाय आत वळला का बहुतेक वेळा पुढचं आधी तुटते किंवा ताणते, माझं तेच झालं होतं. आपण सगळ्याला शीर चढली, नस दबली म्हणून मोकळे होतो अन् चोळत बसतो. मॅडमनं स्पष्ट सांगितलं का पहिले २-३ दिवस शेक नाही, मालिश नाही, ओढाताण तर मुळीच नाही, तुटलेल्या दोरीला झटका दिला तर ती अजून उसवते. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, क्रेप बँडेज बांधायचं अन् पाय उशीवर उंच. आमच्या गावात हे प्रत्येक घरी माहीत पायजे, मी आता भेटेल त्याला सांगत राहतो.

मी विचारलं, मॅडम मांडी भरून आली तर ४ दिवसांत बरी होते, याला २ महिने काऊन? म्हणे स्नायूत रक्त भरपूर खेळते म्हणून तो लवकर भरून येते, लिगामेंटला रक्त कमी, म्हणून वेळ लागते. तोवर बाजूच्या स्नायूंनी सांधा सांभाळायचा. पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंची टेंडनं घोट्यामागून वळसा घेऊन पायाच्या कडेला जातात, पाय आत वळू लागला का तीच बाहेर खेचतात. त्यांच्यासाठी रबरी पट्टा पावलात अडकवून बाहेर ओढायचा व्यायाम, मग पायरीवर टाचा वर-खाली, मग एका पायावर उभं राहणं. हे शेवटचं मला सोपं वाटलं होतं, पण पहिल्या दिवशी ५ सेकंद पण जमलं नाही. सांधा कुठं किती वाकला ही खबर लिगामेंट मेंदूला देत राहते, मार लागला का ती खबर नीट पोचत नाही, म्हणून सूज उतरल्यावरही तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळते. आमच्या लहान भावाचं हेच होत आलं आहे, त्याला पण आता इथंच आणलं.

२०० रुपये बैठक, १८ बैठका झाल्या. उगाच रोज बोलावलं नाही, जे घरी होते ते घरीच करा म्हणाल्या. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, मी सांगितल्यावर माझ्या वहीत मराठीत लिहून चित्रं काढून दिली. नडते ती एकच गोष्ट, वर जायच्या पायऱ्या. २२ आहेत, अरुंद आहेत अन् कठडा एकाच बाजूला. ज्याचा पाय नाहीतर गुडघा दुखते तोच माणूस इथं येणार ना, मी पहिले ८ दिवस बसून बसून चढलो. गुडघ्याची म्हातारी माणसं घेऊन जाणार असाल तर सोबत धडधाकट माणूस ठेवा. खाली एक खोली मिळते का ते पाहून राहिलो असं मॅडम म्हणाल्या, ती मिळावी असं मनापासून वाटते. बाजाराच्या दिवशी गर्दी राहते, त्या दिवशी दुपारनंतर जा.

सध्या कापूस वेचणी सुरू आहे, दिवसभर वावरात उभा राहतो, घोट्याला पट्टा बांधतो फक्त धुरे ओलांडायचे असले तर. सकाळी दात घासताना एका पायावर उभा राहायचं चालूच आहे, डावा ४० सेकंद, उजवा २५ वर आला.