प्रिझमची स्क्रीनप्रिंट : पिंक फ्लॉइडच्या कव्हरची संग्राह्य प्रत

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बमच्या कव्हरची मर्यादित आवृत्तीतली स्क्रीनप्रिंट, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून काढलेली प्रत, मी लंडनच्या एका कलादालनातून मागवली. साध्या पोस्टरच्या अनेक पट किंमत मोजून आपण वेगळे काय विकत घेतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. या कव्हरपुरते तरी त्याचे समाधानकारक उत्तर आहे, आणि ते कव्हर कसे तयार झाले यात दडलेले आहे.

बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना या वेळी छायाचित्राऐवजी काहीतरी साधे आणि नेटके हवे होते. ‘हिप्नोसिस’ या स्टुडिओच्या स्टॉर्म थॉर्गर्सन आणि ऑब्री पॉवेल यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या किरणाचे रंगीत पट्टे करणाऱ्या प्रिझमची, म्हणजे त्रिकोणी काचेची, कल्पना मांडली आणि जॉर्ज हार्डी यांनी ती कागदावर उतरवली. हार्डी यांचे काम काळ्यापांढऱ्यात होते. कोणत्या पट्ट्यात कोणता रंग भरायचा, हे त्यांनी छापखान्याला सूचना देऊन कळवले होते. म्हणजे हे इंद्रधनुष्य प्रथम उमटले ते छपाईयंत्रावरच. तैलचित्राची छापील प्रत ही शेवटी नक्कलच असते, पण जे चित्र छपाईसाठीच आखले गेले, ते अधिक चांगल्या पद्धतीने पुन्हा छापणे हा त्याचा सन्मान आहे, असे मला मनापासून वाटते.

भिंग लावून पाहिल्यावर फरक स्पष्ट होतो. माझ्याकडच्या या अल्बमच्या जुन्या एलपीच्या (तबकडीच्या) कव्हरवर रंगांचे बारीक ठिपके दिसतात. या प्रिंटमध्ये प्रत्येक पट्टा स्वतंत्र स्क्रीनमधून छापलेला असल्याने रंग सलग आहे, आणि तिरप्या उजेडात शाईचा थर जाड सुती कागदावर किंचित उचललेला जाणवतो. पट्टे सहाच आहेत, कारण मूळ कव्हरमध्येही पारवा रंग नाही. सातवा रंग ‘दुरुस्त’ करून घातलेली प्रिंट कोणी विकत असेल, तर ती खुशाल नाकारावी. काळा रंग मात्र या प्रिंटची खरी कमाई आहे. तो खोल आणि चकाकीविरहित आहे, त्यामुळे डावीकडून येणारा पांढरा किरण धारदार दिसतो.

तोच काळा रंग सर्वांत नाजूकही आहे. प्रिंट नळीत गुंडाळून आली आणि एका कोपऱ्याजवळ शाईवर घासल्याची फिकट रेघ उमटली होती, म्हणून थोडे जास्त पैसे पडले तरी सपाट पॅकिंगच मागावे. फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि काच व कागद यांच्यात मोकळी जागा, या दोन गोष्टींवर अडून राहावे. मुंबईच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

छायाचित्रांच्या कव्हरना हा न्याय लागू होत नाही. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ‘हाउसेस ऑफ द होली’ या अल्बमचे कव्हर उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवेवर पॉवेल यांनी टिपलेल्या छायाचित्रांचे जोडचित्र असून ते हाताने रंगवलेले आहे. त्याच्या बारीक छटांना पिगमेंट शाईची इंकजेट प्रिंटच मानवते. मात्र ती मूळ कलाकृतीवरून केली आहे की जुन्या कव्हरच्या स्कॅनवरून, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दुसऱ्या प्रकारात छपाईचे ठिपके मोठे होऊन दिसतात आणि खर्च वाया जातो.

स्वाक्षरीचे मोल वेगळे आकारले जाते. थॉर्गर्सन २०१३ मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या सहीची प्रत घेताना आवृत्ती कोणत्या वर्षीची आहे आणि प्रमाणपत्र कोणी दिले आहे, हे आधी पाहावे. प्रतीवर पेन्सिलीने लिहिलेला आवृत्तीतला क्रमांक लहान असल्यामुळे छपाई सरस ठरत नाही, तेव्हा केवळ त्यासाठी जादा रक्कम देण्याचे कारण नाही.

एक उणीव मला खरोखर खटकते. मूळ कव्हर उघडल्यावर रंगांचे पट्टे आतल्या पानांवरून पुढे जातात, हिरव्या रेषेत हृदयाच्या ठोक्यांची लाट उमटते आणि मागच्या बाजूला उलट्या प्रिझममधून किरण पुन्हा एकत्र येतात. बँडचे रॉजर वॉटर्स यांनी सुचवलेली ती लाट या प्रिंटमध्ये नाही; दर्शनी चौकोन तेवढा छापला आहे. हा सगळा पट्टा एका लांब कागदावर छापून मिळाला, तर दुप्पट किंमत देऊनही मी तो घेईन.