बॅटरी ठणठणीत, टर्मिनल ढिलं: अकरा महिन्यांनंतर

ट्रकला या दोन बॅटऱ्या बसवून अकरा महिने झाले. अँपिअर, वजन सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत नाही. पहिले आठ महिने तक्रार शून्य, ऐन थंडीत पहाटेही पहिल्या सेल्फला इंजिन उठायचं. पाच तारे द्यायचे होते, आळसाने राहिलं. बरंच झालं.

नवव्या महिन्यात एकदा चावी फिरवली तर नुसतं 'कट्ट'. डॅशबोर्डचे दिवे विझले, चावी सोडली की परत आले. सगळे करतात तेच मी केलं: पाना घेतला, केबलच्या टोकाचा क्लॅम्प आवळला. गाडी सुरू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केबल धरून हलवली तर क्लॅम्प टर्मिनलला घट्ट, पण टर्मिनलच (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) क्लॅम्पसकट फिरतंय! खुंटाभोवती केसाएवढी फट, तिथे अ‍ॅसिडचा ओलावा आणि पांढरी भुकटी. मी जेवढा पाना मारत होतो तेवढा तो खुंट आणखी पिळत होतो.

विक्रेत्याने मीटर लावलं. १२.६ व्होल्ट. "बॅटरी चांगली आहे." अहो, लोड नसताना, म्हणजे कोणी करंट खेचत नसताना, दाखवणारच! दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीपुढे एक जोडलेल्या, म्हणजे करंट दोघींतून सारखाच. सेल्फ मारताना एक १०.८ वर थांबते आणि दुसरी सहाच्या खाली कोसळते, वर खुंट हाताला गरम लागतो. हे दाखवल्यावर उत्तर बदललं: "टर्मिनल ठोकलंय, वॉरंटीत बसत नाही." हातोडीची एक खूण दाखवा म्हटलं. दाखवली नाही, बॅटरीही बदलून दिली नाही.

घरी येऊन शिव्या देत ट्रे साफ केला आणि थोडा गप्प झालो. बॅटरी दाबून धरणाऱ्या पट्टीचा एक नट गायब. बॅटरी बोटभर सरकत होती आणि दोघींमधली जोडकेबल ताणून बसवलेली. प्रत्येक खड्ड्याला ती जाड केबल मऊ शिशाचा खुंट उपटत होती. तेव्हा निम्मा दोष माझा. निम्माच! जुनी जोडी याच ट्रेमध्ये साडेचार वर्षं टिकली होती.

"वरून शिसं वितळवून जोडून देतो" असं एकाने सुचवलं. कंजूस मन लगेच तयार झालं. पण चार्जिंगमध्ये बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. नको. तसंच चालवणंही नको, कारण चालू इंजिनात जोड सुटला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं.

शेवटी एकच नवी घेतली. जोडी सारख्याच वयाची असावी हे मान्य, पण दुसरी उत्तम चालतेय, मी ती टाकणार नाही. पट्टी घट्ट केली, जोडकेबल लांब आणि लवचिक घातली, मोठ्या केबलला टर्मिनलच्या अलीकडेच आधार दिला. क्लॅम्प बसत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने फाकवतो, ठोकत नाही. काढताना आधी मायनस. आठवड्यातून एकदा चारही खुंट दोन बोटांनी हलवून बघतो.

तारे तीन. काढलेली बॅटरी कोपऱ्यात पडून आहे, काल मीटर लावलं तर अजून १२.४. भंगारात द्यायला हात धजत नाही.